२२ गुंठे, शेती झोन, पाव हिस्सा विहीर: भाजीपाल्याचं कसं बसवावं?

मुरमाड_२२

पुरंदर तालुक्यात वडिलोपार्जित २२ गुंठे आहेत. सातबारावर जिरायत. गाव पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हद्दीत, झोन दाखल्यावर शेती झोन. गावठाणाच्या हद्दीपासून अंतर साधारण ३५० मीटर. जमीन हलकी, दीड फुटाखाली मुरूम लागतो. पूर्वेला थोडा उतार. तुकडा जवळपास चौरस, ४५ बाय ४९ मीटर.

पाणी सामाईक विहिरीचं. चार आणे हिस्सा, म्हणजे दर चौथ्या दिवशी पाळी. विहिरीवर ३ एचपीची मोटार आहे. मे महिन्यात दोन तास चालते, मग फूटव्हॉल्व्ह (पाण्यातलं नळीचं तोंड) उघडा पडतो. विहीर ते शेत १२० मीटर आणि मधे दुसऱ्याचा गट (जमीन). तो पाइप टाकू देत नाही.

विचारायचं आहे ते असं:
१) अवजारं, खत ठेवायला आणि कधी रात्री थांबायला १० बाय १२ ची खोली बांधता येईल का? एका एजंटचं म्हणणं, "फार्महाऊस दाखवलं की होतं."
२) एवढ्या पाण्यावर किती वाफे करावेत, ठिबक कसं टाकावं?
३) पाइपचं काय?
४) रोपांसाठी छोटं शेडनेट केलं तर परवानगी लागते का?

---

सातबारा_उतारा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे आणि ते कागदावरच आहे. एजंटचं ऐकू नका.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४१. प्रादेशिक योजना लागू असलेल्या भागात शेतघर बांधायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि ०.४ हेक्टरपेक्षा कमी धारण क्षेत्राला ती देताच येत नाही. ०.४ हेक्टर म्हणजे साडेएकोणचाळीस गुंठे. तुमचे २२ गुंठे म्हणजे ०.२२ हेक्टर, निम्म्याहून थोडेच जास्त. ०.४ ते ०.६ हेक्टरला १५० चौरस मीटर जोत्याची मर्यादा आहे. डिसेंबर २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतही शेती झोनमधल्या फार्महाऊसला तोच ०.४ हेक्टरचा उंबरठा आहे. दोन्ही दारं एकाच मापाची, त्यामुळे एक बंद असलं तर दुसऱ्याने आत जाता येत नाही.

इथे लोक एक चूक करतात. "आम्ही राहणार नाही, नुसतं गोदाम आहे" असं सांगतात. संहितेच्या व्याख्येत शेतघर म्हणजे फक्त राहायचं घर नाही. अवजारं, खत, चारा, शेतमाल ठेवायची जागा, गुरांचा गोठा हे सगळं त्यातच मोडतं. म्हणून "गोदाम" म्हटल्याने सुटका नाही.

गावठाणाच्या २०० मीटरची सवलत (कलम ४२-ड) तुम्हाला लागू नाही. ते अंतर गावठाणाच्या नकाशावरच्या हद्दीपासून मोजतात, शेवटच्या घरापासून किंवा वाडीपासून नाही. तुमचं ३५० मीटर. विषय संपला.

आता ज्याला परवानगी लागत नाही ते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ४३: शेतीच्या नेहमीच्या कामासाठी केलेलं खोदकाम, त्यात विहीरही आली, आणि केवळ शेतात जाण्यासाठीचा रस्ता, याला विकास परवानगी लागत नाही. म्हणजे पाणी साठवायचा खड्डा, चर, पाइपची नाली, बैलगाडीची वाट हे बिनधास्त करा.

पाइपसाठी संहितेचं कलम ४९. दुसऱ्याच्या जमिनीतून पाट किंवा पाइप न्यायचा हक्क तहसीलदार देऊ शकतात. अर्जासोबत तुमचा सातबारा, विहिरीतल्या हिश्श्याची नोंद, शेजाऱ्याच्या गटाचा उतारा आणि गट नकाशावर आखलेली ओळ जोडा. शेजाऱ्याला नोटीस जाते, त्याचं म्हणणं घेतात. त्याचं नुकसान कमीत कमी होईल असा मार्ग ठरतो, भरपाई तुम्ही द्यायची. पाइप जमिनीखाली किमान अर्धा मीटर हवा. अर्जात ओळ त्याच्या बांधाकडेनेच दाखवा. शेताच्या मधोमध दाखवली की तिथेच वाद उभा राहतो.

हिश्श्याची नोंद सातबाराच्या इतर हक्कात नसेल तर आधी ती करून घ्या. तोंडी चार आण्यावर तहसीलदार आदेश देणार नाहीत.

---

बांधकडेचा

एवढं कोण बघतं हो. पत्र्याची खोली टाका, खाली पेव्हर ब्लॉक, झालं. गावात पन्नास आहेत.

---

सातबारा_उतारा

@बांधकडेचा, पन्नास आहेत म्हणून एकावन्नावी कायदेशीर होत नाही. पाया नाही म्हणून सुटका होईल असंही नाही. नगररचना कायद्याच्या कलम ५५ मध्ये अनधिकृत तात्पुरत्या बांधकामासाठीच वेगळी तरतूद आहे. आणि यांचा शेजारी आधीच पाइपवरून अडून बसलाय. तक्रार बहुतेक वेळा बांधाशेजारूनच येते. कलम ४९ चा अर्ज चालू असताना स्वतःच्याच गटात बेकायदा शेड उभी असली, तर समोरच्याच्या वकिलाला दुसरं काही शोधावंच लागत नाही.

मुरमाड दादा, यावर सरळ मार्ग म्हणजे शेतात कुलपाची लोखंडी पेटी, ५ बाय २ फूट. खुरपी, विळे, ठिबकचे जोड, फवारणी पंप त्यात मावतो. खतं आणि औषधं गावातल्या घरी. नाही तरी औषधं उन्हात पत्र्याखाली ठेवू नयेतच.

शेडनेटचं: चार बांबू किंवा जीआय पाइप, वर जाळी, जोतं नाही, भिंत नाही, दार-खिडकी नाही, असं रोपवाटिकेपुरतं ठेवा. खाली कोबा केला, तीन बाजूंनी पत्रे लावले की ते शेडनेट राहत नाही. ग्राम महसूल अधिकाऱ्याला (म्हणजे तलाठ्यालाच, २०२४ पासून पदनाम बदललंय) लेखी कळवून पोच घेतली तर पुढे बोलायला कागद राहतो.

ई-पीक पाहणी (मोबाइलवरून उताऱ्यावर पिकाची नोंद) प्रत्येक हंगामात न चुकता करा. भाजीपाला मिश्र असला तरी पिकवार क्षेत्र टाका. ती राहिली की उताऱ्यावर पीक दिसत नाही, आणि जमीन खरोखर शेतीत आहे हे उद्या दाखवायचं तर हाताशी काही उरत नाही.

आणखी एक, न विचारलेलं. भावांत ११-११ गुंठे वाटणीचा विचार असेल तर थांबा. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार प्रमाणभूत क्षेत्र (याहून लहान तुकडा पाडायला मनाई) जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १०. सातबारा जिरायत असताना दोन्ही तुकडे २० च्या आत येतात.

---

सरी_वरंबा

वाफ्यांचं गणित.

गादीवाफे उत्तर-दक्षिण काढा, उतार पूर्वेला आहे म्हणजे ते उताराला आडवे येतील. मध्यापासून मध्य दीड मीटर: ९० सेंमी माथा, ६० सेंमी वाट. उंची २० ते २५ सेंमी. ४५ मीटर लांबीचे २२ वाफे बसवा. त्याला पूर्व-पश्चिम ३३ मीटर लागतात, उरलेल्या १६ मीटरच्या पट्ट्यात पाण्याचा खड्डा, रोपवाटिका, कंपोस्ट, वाट आणि कडेचा मका. लागवडीचं क्षेत्र १,४८५ चौरस मीटर, म्हणजे पावणेपंधरा गुंठे. एक वाफा म्हणजे दोन-तृतीयांश गुंठा. तीन वाफे = दोन गुंठे, हे लक्षात ठेवलं की खताचे हिशेब तोंडी होतात.

प्रत्येक वाफ्यावर १६ मिमीची एक नळी, एकूण ९९० मीटर. ४० सेंमीवर ४ लिटरचा ड्रिपर. २,४७५ ड्रिपर, तासाला ९,९०० लिटर. तीन व्हॉल्व्ह करा.

उन्हाळ्यात भर पिकाला या क्षेत्राला रोज साडेसहा हजार लिटरच्या आसपास लागेल. चार दिवसांचे २६ हजार.

---

ठिबकवाला

सरी_वरंबा यांचा आराखडा छान, पण ड्रिपर बदला. हे मुरमाड रान आहे. हलक्या जमिनीत पाणी आडवं पसरत नाही, सरळ खाली जातं. ४ लिटरचा ड्रिपर ४० सेंमीवर टाकला की थेंबाखाली चिखल आणि दोन थेंबांच्या मधे कोरडी पट्टी. मधलं रोप पिवळं पडतं, मग माणूस पाणी वाढवतो, ते मुळांच्या खाली जातं आणि जाताना युरियाही घेऊन जातं. अशा जमिनीला ३० सेंमीवर २ लिटर. ३,३०० ड्रिपर, तासाला ६,६०० लिटर. दोनच व्हॉल्व्ह, प्रत्येकी ११ वाफे, ३,३०० लिटर. एका व्हॉल्व्हला दिवसाला एक तास, तोही अर्धा सकाळी आणि अर्धा संध्याकाळी. हलक्या जमिनीला एकदम पाजायचं नाही.

आता साठवण. ३ एचपीची मोटार २५ मीटर हेडला (पाणी चढवायची उंची) तासाला १३-१४ हजार लिटर देईल, दोन तासांत २६ ते २८ हजार. गरज २६ हजार. म्हणजे कागदावर जेमतेम बसतं, पण साठवायला जागा हवी. पाळीच्या दिवशीचं थेट पिकाला, पुढच्या तीन दिवसांचे साडेएकोणीस हजार खड्ड्यात.

खड्डा: वर ६ बाय ५ मीटर, खोली १.२ मीटर, बाजू ४५ अंशांच्या उतरत्या. तळ ३.६ बाय २.६ येतो. काठोकाठ साडेबावीस हजार, वर १० सेंमी मोकळं सोडून २० हजाराच्या जवळ. कागद ५०० मायक्रॉनचा, ८ बाय ७ मीटर. त्यात काठावरच्या नालीत पुरायला अर्धा-अर्धा मीटर धरलाय. बाजू उभ्या कापायच्या नाहीत; मुरूम ढासळतो, कागद अधांतरी लटकतो आणि पाण्याच्या वजनाने कोपऱ्यात फाटतो. कागद अंथरण्याआधी खडे वेचून ५ सेंमी चाळलेली माती किंवा जुनी खताची पोती घाला. उंदराने खालून पोखरलेलं भोक सापडत नाही, म्हणून काठाची नाली माती ठोकून घट्ट भरा. वर ५० टक्के शेडनेट ताणा. बाष्पीभवन दिवसाला दोनशे लिटर, ते फार नाही; जाळी शेवाळासाठी हवी. शेवाळ झालं की दोन आठवड्यांत ड्रिपर बंद. जाळी काठाला नीट बांधा, पोरंटोरं आणि कुत्री पडतात.

उघड्या पाण्याला नुसता जाळीचा फिल्टर पुरत नाही, शेवाळ जाळीतून दाबाने चेंगरून पलीकडे जातं. डिस्क फिल्टर घ्या, १३० मायक्रॉन. आत आणि बाहेर एकेक प्रेशर गेज. दोन्हींत ०.५ किलो दाबाचा फरक पडला की चकत्या काढून धुवायच्या. खड्ड्यातून ठिबकला १ एचपीचा मोनोब्लॉक भरपूर.

विहिरीपासूनची लाइन ६३ मिमी पीव्हीसी, ६ मीटरच्या २० नळ्या. पैसे वाचवायला ५० मिमी घेऊ नका. १४ हजार लिटरच्या प्रवाहाला १२० मीटरमध्ये ६३ ला साधारण ४ मीटर हेड जातं, ५० ला १२-१३ मीटर. तुमचे दोन तास मोजून मिळालेत, त्यातलं पाणी घर्षणात घालवायचं कशाला.

आणि मेमध्ये २२ वाफे हिरवे ठेवायचा हट्ट नको. विहीर पंधरा मिनिटं आधी आटली तरी गणित कोसळतं. मार्चपासून एकच व्हॉल्व्ह, ११ वाफे. बाकीच्या वाफ्यांची नांगरट करून ऊन खाऊ द्या.

---

रोपवाटिका_ताई

पिकांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

शेणखत गुंठ्याला २०० किलो, पूर्ण कुजलेलं. अर्धवट कुजलेलं घातलं तर हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात. गुंठ्याला २ किलो निंबोळी पेंड आणि ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा. ट्रायकोडर्मा ओलसर शेणखतात मिसळून आठ दिवस सावलीत झाकून ठेवा, मग वाफ्यात. थेट रासायनिक खतात मिसळू नका.

भेंडी, उन्हाळी: ९० सेंमी माथ्यावर दोन ओळी, ४५ बाय १५. शिफारस हेक्टरी १००:५०:५०, म्हणजे गुंठ्याला युरिया २.२ किलो, सिंगल सुपर ३.१ किलो, म्युरेट ८५० ग्रॅम. निम्मा युरिया आणि बाकी सगळं लागवडीला, उरलेला युरिया ठिबकने तीन हप्त्यांत. परभणी क्रांती आणि अर्का अनामिका या वाणांची निवड पिवळ्या शिरांचा विषाणू सहन करण्यासाठीच झालेली आहे, तरी पांढरी माशी वाढली की रोग दिसतोच. पिवळं पडलेलं झाड पहिल्याच दिवशी उपटून पोत्यात भरून बाहेर न्या. त्याला औषध नाही, आणि दुकानदार जे देईल ते माशीचं असतं, विषाणूचं नाही.

टोमॅटो, मिरची: ९८ कप्प्यांचे ट्रे, कोकोपीट ट्रेला सव्वा किलो. टोमॅटोचं रोप २२ ते २५ दिवसांत, मिरचीचं ३५ ते ४० दिवसांत लागवडीला येतं. नुसतं ५० टक्के शेडनेट सावली देतं, माशी अडवत नाही. तिची भोकं मोठी असतात. बाजूंना ४० मेशची कीटकरोधक जाळी लावली तर चुरडामुरडा (पानं आक्रसायचा रोग) रोपवाटिकेतच शिरत नाही. ६ बाय ३ मीटरचा सांगाडा तुम्हाला पुरेसा. टोमॅटोच्या फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग आला तर बुरशीनाशक आणू नका. तो कॅल्शियमचा घोटाळा आहे आणि त्याचं मूळ बहुतेकदा पाण्याच्या ओढाताणीत असतं. दर चौथ्या दिवशी भरपूर पाजून मधे कोरडं ठेवलं की तो येणारच. म्हणून वरच्या खड्ड्याशिवाय टोमॅटो लावू नका, हे माझं ठाम मत.

काकडी, दोडका, कारलं: फळमाशीला क्यूल्युरचे सापळे. आंब्याला वापरतात ते मिथाईल युजेनॉल इथे चालत नाही, माशीची जात वेगळी. तुमच्या क्षेत्राला तीन पुरतील, वेलाच्या उंचीला टांगा. डागी फळं वाफ्यातच टाकली तर सापळ्यांचा उपयोग शून्य, कारण अळी त्यातून मातीत उतरते.

कोथिंबीर: धने चपलेखाली रगडून दोन फाका करा, १२ तास भिजवा, गुंठ्याला ६०० ते ८०० ग्रॅम. ४० ते ४५ दिवसांत जुडी. एकदम पेरू नका. दर दहा दिवसांनी एक वाफा कोथिंबीर, एक मेथी. एप्रिल-मेमध्ये कोथिंबीर उगवायला कुरकुर करते आणि लगेच दांड्यावर येते, तेव्हा शेडनेटची जुनी पट्टी कमानीवर टाकावी.

मल्चिंग पेपर २५ मायक्रॉन, चार फुटी. ४०० मीटरचे अडीच रोल लागतील. पालेभाजीच्या वाफ्यांना नको. हंगाम संपला की सगळा ओढून काढा, तुकडे राहिले तर पुढल्या वेळी रोटाव्हेटरला गुंडाळतात.

---

मुरमाड_२२

सगळ्यांचे आभार. खोलीचा विषय सोडला. दोन शंका राहिल्या. खड्ड्यातून निघणारा मुरूम एक जण ट्रॉलीने विकत न्यायला तयार आहे, देऊ का? आणि हिस्सेदारांपैकी दोघे म्हणतात, तुमच्या बाजूला वेगळं बोअर घ्या, विहिरीची कटकटच नको.

---

सातबारा_उतारा

मुरूम गटाबाहेर जाऊ देऊ नका. तो गौण खनिज आहे. स्वामित्वधन भरून परवाना न घेता ट्रॉली रस्त्यावर दिसली तर संहितेच्या कलम ४८ खाली दंड होतो, शिवाय ट्रॉलीही अडकते. माती धरून मुरूम निघणार २२-२३ घनमीटर, सुटा झाला की आणखी फुगेल. तो स्वतःच्याच वाटेवर पसरा. पावसाळ्यात भाजी डोक्यावर घेऊन चिखलातून जाण्यापेक्षा बरं. वरची फूटभर माती मात्र आधी वेगळी काढून वाफ्यांवर टाका, जेसीबीवाला दोन्ही एकत्र करतो.

बोअरचं: महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ नुसार ६० मीटरपेक्षा खोल विहीर शेतीसाठी घ्यायला मनाई आहे. बोअरवाला सहज ४०० फूट सांगेल, मर्यादा २०० च्या आत आहे. शिवाय गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर ५०० मीटरच्या आत आहे का, आधी तेवढंच तपासा. ती जवळ निघाली तर बोअरचा विषय तिथेच थांबतो.

---

ठिबकवाला

बोअर घेतलं तरी सामाईक विहिरीवरचा हक्क लेखी सोडू नका. आणि पाइपची नाली अर्ध्या मीटरवर थांबवू नका, दोन फूट घ्या. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बांधाकडेने वळताना फाळ खाली घालतो, फुटलेली नळी तुमच्या पाळीच्या दिवशीच कळते. दोन टोकांना आणि प्रत्येक वळणावर दगड रोवून पिवळा रंग लावा. नळी टाकल्यावर, बुजवण्याआधी, एक पाळी पूर्ण चालवून सांधे बघा.